टॉवर ऑफ लंडन : एका बँकवाल्याच्या नजरेने

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषय माझ्यावरच सोडला होता. "काका, बँकिंगवर मात्र नको, कोणी वाचणार नाही," एवढीच एक अट. म्हणून किल्ल्यावर लिहितो. पण छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला किल्ल्यातही आधी तिजोरीच दिसते, त्याला माझा इलाज नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजगड, रायगड, प्रतापगड येतात. दिवाळीत आपली मुलं आवारात मातीचा किल्ला करतात तोसुद्धा डोंगरीच असतो. लंडनचा टॉवर तसा नाही. तो भुईकोट आहे. थेम्स नदीच्या काठी, सपाट जमिनीवर, भोवती खंदक. नगरचा भुईकोट ज्यांनी पाहिला आहे त्यांना कल्पना लगेच येईल. आणि 'टॉवर' या नावावरही जाऊ नका. हल्ली सात मजल्यांच्या इमारतीलाही बिल्डर टॉवर म्हणतात ते वेगळं. इथे एकात एक अशा दोन तटबंद्या आहेत, त्यांवर वीसेक बुरूज आहेत आणि मधोमध एक जुना पांढरा बालेकिल्ला आहे. त्या बालेकिल्ल्याचे नाव 'व्हाइट टॉवर', आणि त्यावरून सगळ्या किल्ल्याला टॉवर हे नाव पडले. तटाच्या आतली जागा साधारण बारा एकर.

१०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला आणि त्याने इंग्लंड जिंकले. लंडन हे त्या वेळीही व्यापाऱ्यांचे, पैशांचे आणि जरा डोक्यावर बसणारे शहर होते. त्यावर वचक हवा म्हणून शहराच्या कोपऱ्यात, जुन्या रोमन तटाला धरून त्याने ठाणे केले. दगडी बालेकिल्ल्याचे काम १०७० च्या दशकात सुरू झाले आणि ११०० च्या सुमारास संपले. देखरेख गंडल्फ नावाच्या बिशपकडे होती. चांगला दगड नॉर्मंडीतल्या कां इथून जहाजाने आणला. उंची सुमारे सत्तावीस मीटर, तळाशी भिंतीची जाडी साडेचार मीटरपर्यंत. पुढे तिसऱ्या हेन्रीने १२४० मध्ये बाहेरून चुना फासून घेतला, म्हणून तो 'पांढरा' झाला. हा किल्ला परचक्रासाठी बांधलेला नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. तो आपल्याच रयतेकडे रोखलेला होता. आपल्याकडच्या किल्ल्यांविषयी वाचून मनात जी भावना येते ती इथे येत नाही, ती यामुळेच असावी.

शिवकालातल्या अठरा कारखान्यांची यादी शाळेत आपण पाठ केली होती. खजिना, जवाहीरखाना, दप्तरखाना, दारूखाना, शिकारखाना, पीलखाना वगैरे. मला गंमत वाटते ती ही की, ती यादी हातात घेऊन टॉवरमध्ये फिरलं तर एकेका खात्यावर टिकमार्क करता येते. राजा तिथे राहायचा. चौदाव्या शतकापासून राज्याभिषेकाच्या आधी राजाने टॉवरमध्ये मुक्काम करायचा आणि तिथून मिरवणुकीने वेस्टमिन्स्टरला जायचे असा रिवाज पडला. तो १६६१ साली दुसऱ्या चार्ल्सने शेवटचा पाळला. शस्त्रे तिथे, दारूगोळा तिथे, सरकारी कागदपत्रे तिथे. १६७५ मध्ये ग्रिनिचची वेधशाळा होण्याआधी फ्लॅमस्टीड या खगोलशास्त्रज्ञाने याच बालेकिल्ल्याच्या बुरुजावरून आकाशाचे वेध घेतले. आणि प्राणीसुद्धा होते. मुलांसाठी ते आधी सांगून टाकतो.

१२३५ साली जर्मन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तिसऱ्या हेन्रीला बिबळे भेट दिले. १२५२ मध्ये नॉर्वेहून पांढरे अस्वल आले. त्याच्या खर्चासाठी रोज चार पेनी लंडनच्या शेरीफांनी द्यायच्या, असा राजाचा हुकूम. शेरीफांना ते काही परवडेना. मग त्याच्यासाठी मुसके, साखळी आणि एक लांब दोर करवून घेतला, म्हणजे त्याला थेम्समध्ये सोडता येईल आणि ते स्वतःच मासे धरून खाईल. १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजाने हत्ती पाठवला. त्याच्यासाठी चाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद पीलखाना बांधायचा, तोही शहराच्या खर्चाने. हत्ती दोनेक वर्षांतच मेला. राजाला आलेली भेट आणि खर्च नागरिकांच्या डोक्यावर! वार्षिक सभेत लिफ्टच्या खर्चावरून तळमजल्याचे सभासद जे बोलतात, तेच त्या वेळचे लंडनकर बोलत असणार. पुढे ही प्राणिशाळा सहाशे वर्षे चालली. अठराव्या शतकात तीन हाफपेनी देऊन आत जाता येई, किंवा सिंहासाठी कुत्रं-मांजर आणून दिलं तरी चाले. १८३५ साली ती बंद झाली. बहुतेक प्राणी त्याआधीच रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात गेले होते.

आता माझ्या खात्याकडे येतो.

तिसऱ्या हेन्रीचा मुलगा पहिला एडवर्ड. त्याने १२७५ पासून दहा वर्षांत टॉवरवर एकवीस हजार पौंडांहून अधिक खर्च केला. बाहेरची तटबंदी आणि रुंद खंदक त्याच्या काळातले. नदीच्या बाजूचा पाण्यातला दरवाजाही त्याचाच. पुढे कैद्यांना होडीतून याच दरवाजाने आणू लागले, म्हणून तो 'ट्रेटर्स गेट', म्हणजे फितुरांचा दरवाजा, या नावाने प्रसिद्ध झाला. आणि याच एडवर्डने १२७९ च्या सुमारास टांकसाळ किल्ल्यात आणली. ती पुढे पाचशे वर्षांहून जास्त काळ तिथे राहिली. आतल्या आणि बाहेरच्या तटांमधल्या चिंचोळ्या गल्लीत भट्ट्या, हातोडे, नाणी पाडणारे कामगार आणि त्यांची घरे होती. त्या गल्लीला आजही 'मिंट स्ट्रीट' म्हणतात. आपल्यापैकी जे लोकलने फोर्टात नोकरीला जात होते, त्यांना रिझर्व्ह बँकेजवळचा मिंट रोड आठवेल. मुंबईत तट १८६० च्या दशकात पाडले, फोर्ट नावापुरता उरला, टांकसाळ मात्र अजून आहे. तिथे उलट झाले. टांकसाळ गेली आणि तट राहिले.

टांकसाळ आत येण्याच्या आधीचे एक वर्ष मात्र फार वाईट आहे, आणि पर्यटकांच्या गाइडबुकात ते बहुधा दोन ओळींत उरकतात. तेव्हाची नाणी हातोड्याने पाडलेली, कडा ओबडधोबड. कडेची थोडी चांदी कातरून घ्यायची आणि नाणे पुन्हा चालवायचे, हा धंदा सर्रास चाले. नोव्हेंबर १२७८ मध्ये राजाने इंग्लंडमधल्या ज्यूंना या आरोपाखाली सरसकट धरले. सहाशेच्या वर माणसे टॉवरमध्ये कोंडली. लंडनमध्ये अडीचशेच्या वर लोकांना फाशी दिले आणि त्यांची मालमत्ता राजाच्या खजिन्यात गेली. नाणी कातरणारे ख्रिस्तीही होते, पण त्यांपैकी बहुतेक दंडावर सुटले. १२९० मध्ये तर सगळ्या ज्यूंना देशाबाहेरच काढले. याच ज्यूंकडून राजाने आयुष्यभर पैसा काढला होता. मी त्या तळघरांजवळ उभा होतो तेव्हा पुढे चाललेला गाइड कावळ्यांच्या गोष्टी सांगत होता आणि लोक हसत होते. मला काही हसू आले नाही.

कातरण्याचा हा रोग शेवटी यंत्राने बरा केला. १६६२ पासून टॉवरमध्ये यंत्रावर नाणी पडू लागली. जाड मोठ्या नाण्यांच्या कडेवर अक्षरे आणि छोट्यांवर बारीक रेघा. खिशातल्या नाण्याच्या कडेवरून नख फिरवून बघा, खरखर लागते ना? ती शोभेसाठी नाही, कोणी कातरलं तर लगेच कळावं म्हणून आहे. जुनी कातरलेली नाणी बाजारात होतीच, ती सगळी परत घेऊन वितळवून नवी पाडायचे ठरले ते १६९६ मध्ये. तो नोटबंदीसारखाच गोंधळ होता. काउंटरच्या आत बसून ज्यांनी २०१६ चे ते दोन महिने काढले, त्यांना जास्त सांगायला नको. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण रांगेत उभा होतोच.

त्याच वर्षी टांकसाळीवर वॉर्डन म्हणून एक नवे साहेब आले. आयझॅक न्यूटन! हो, तेच सफरचंदवाले. विद्वान माणसाला मानाची, बिनकामाची जागा द्यावी असा देणाऱ्यांचा विचार असावा, पण न्यूटनने ती नोकरी अक्षरशः केली. हिशेब तपासले, वजने-मापे तपासली. खोटी नाणी पाडणाऱ्यांना पकडणे हे वॉर्डनचे काम. त्यासाठी त्याने खबरे पोसले, तुरुंगात जाऊन साक्षी घेतल्या, शंभराहून जास्त जबान्या त्याच्या कारकिर्दीत नोंदल्या गेल्या. विल्यम चॅलोनर नावाचा एक बिलंदर होता. तो खोटी नाणी पाडायचा, आणि वर संसदेसमोर जाऊन टांकसाळीचा कारभार कसा ढिला आहे, मला आत घ्या, मी सुधारून दाखवतो, असे सांगायचा. न्यूटनने त्याच्याविरुद्ध एकेक साक्षीदार जमवला. मार्च १६९९ मध्ये चॅलोनर फासावर गेला, कारण खोटे नाणे पाडणे हा तिथे राजद्रोह होता. त्याच वर्षाअखेर न्यूटन टांकसाळीचा मास्टर झाला आणि १७२७ साली मरेपर्यंत त्याच जागेवर राहिला. आमच्या व्हिजिलन्स खात्यातल्या एका साहेबांना मी हे सांगितले होते तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपल्या खात्याचा मूळपुरुष!"

पण टॉवरच्या इतिहासातली माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी गोष्ट न्यूटनच्या आधीची, १६४० सालची आहे. तीत कोणाचे मुंडके उडाले नाही म्हणून ती कोणी रंगवून सांगत नाही.

त्या काळी व्यापारी परदेशातून चांदी-सोने आणायचे, विशेषतः स्पेनची चांदी, आणि ती नाणी पाडून घेण्यासाठी टॉवरमध्ये ठेवायचे. नाणी होईपर्यंत माल टांकसाळीत. राजाचा किल्ला, राजाचे पहारे, साडेचार मीटरची भिंत. याहून सुरक्षित जागा देशात कुठली? गादीवर पहिला चार्ल्स होता. अकरा वर्षे त्याने संसद बोलावलीच नव्हती. स्कॉटलंडशी युद्ध उपटले, पैसा हवा झाला, तेव्हा १६४० च्या वसंतात संसद बोलावली. ती पैसे देईना, म्हणून तीन आठवड्यांत मोडून टाकली. जुलैमध्ये त्याने सरळ टॉवरमधला व्यापाऱ्यांचा माल अडकवला. लाखाहून अधिक पौंडांचा. तटाला खिंडार पडले नाही, कुलूप तुटले नाही, चोर आला नाही. ज्याच्या हाती किल्ल्या होत्या त्यानेच नाही म्हटले.

व्यापारी राजाकडे धावले. यापुढे इंग्लंडमध्ये कोण माल आणील, हुंड्या कोण वटवील, असा आरडाओरडा झाला. शेवटी त्यांनी राजाला चाळीस हजार पौंड कर्जाऊ द्यावेत, जकातीच्या उत्पन्नाच्या तारणावर, आणि बाकीचा माल सोडवून घ्यावा अशी तडजोड झाली. स्वतःचाच माल सोडवण्यासाठी कर्ज द्यायचे! राजाला वाटले, प्रकरण मिटले. पैसे परत मिळण्याची सोय झाली म्हणजे ठेवीदार विसरतो, असा कारभाऱ्यांचा नेहमीच समज असतो.

ठेवीदार विसरत नाही. आपल्या सोसायटीतल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, आपल्या सिंकिंग फंडाची मुदत ठेव ज्या बँकेत होती तिच्यावर निर्बंध आले होते. नाव लिहीत नाही, आता त्याचा उपयोगही नाही. दीड वर्ष पैसे अडकले. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम त्यापायी दोन पावसाळे पुढे गेले आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या घरात बादल्या लावायची वेळ आली. त्या वेळी मी खजिनदार नव्हतो, पण बँकवाला म्हणून रोज कोणी ना कोणी बेल वाजवून विचारायचं, "काका, मिळतील ना?" शेवटी पैसे मिळाले, पूर्ण मिळाले. तरीही त्यानंतर त्या बँकेत पुन्हा ठेव ठेवायची सूचना आजवर एकाही सभेत कोणी मांडलेली नाही. आणि आपल्या एका वयस्कर सभासद बाई, ज्यांची स्वतःची पुंजीही तिथेच होती, त्या शेवटपर्यंत पेन्शन आली की त्याच दिवशी सगळी काढून घरी आणत. मी दोनदा समजावले. त्या म्हणाल्या, "तुमचं पुस्तकातलं असेल हो खरं, पण मी ते दीड वर्ष पाहिलंय."

लंडनच्या व्यापाऱ्यांनीही तेच केले. राजाच्या तिजोरीपेक्षा लॉम्बर्ड स्ट्रीटवरचा सोनार बरा, असे लोकांना वाटू लागले. सोनारांकडे भक्कम पेट्या होत्याच. पुढे यादवी युद्ध झाले आणि हा ओघ वाढत गेला. कारण हे एकच होते असे म्हणणे बरोबर होणार नाही, पण मोठे होते. सोनार ठेवीची पावती द्यायचा. हळूहळू सोने हलवायच्या ऐवजी लोक पावतीच एकमेकांना देऊ लागले. सोनारांच्या लक्षात आले की सगळे ठेवीदार एकाच दिवशी मागायला येत नाहीत, तेव्हा काही भाग कर्जाऊ द्यायला हरकत नाही. झाली बँक! मग १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने सोनारांचेच सरकारी येणे थांबवले, तेरा लाख पौंडांच्या आसपास, आणि त्यांतले काही बुडाले. बापाने टांकसाळीत केले, मुलाने खजिन्यात. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली तेव्हा बारा लाख पौंडांचे कर्ज राजाला मिळाले, पण ते खासगी भागधारकांच्या कंपनीकडून, आठ टक्के व्याजाने आणि संसदेच्या कायद्याच्या हमीवर. राजाच्या नुसत्या शब्दावर आता कोणी द्यायला तयार नव्हते.

एवढे सगळे होऊनही राजाचे स्वतःचे दागिने टॉवरमध्येच राहिले. त्यांचीही कथा आहेच. १६४९ साली पहिल्या चार्ल्सचे डोके उडवल्यावर संसदेने राजमुकुट मोडीत काढले. सोने याच टॉवरच्या टांकसाळीत वितळवून नाणी पाडली. बाराव्या शतकातला एक राज्याभिषेकाचा चमचा तेवढा वाचला, कारण तो कोणीतरी सोळा शिलिंगांना विकत घेतला आणि राजा परत आल्यावर आणून दिला. १६६१ मध्ये सगळे दागिने नव्याने घडवले आणि किल्ल्यातल्या मार्टिन टॉवरच्या तळमजल्यावर ठेवले. वरच्या मजल्यावर रखवालदार टॅलबट एडवर्ड्स बायकामुलांसह राहायचा. वय सत्त्याहत्तर. लोकांना पैसे घेऊन दागिने दाखवायचे, ही त्याची कमाई.

१६७१ मध्ये थॉमस ब्लड नावाचा भामटा पाद्र्याच्या वेषात आला. बरोबरच्या 'बायको'च्या पोटात दुखू लागले, एडवर्ड्सच्या बायकोने तिला वर नेऊन सांभाळले. मग आभार मानायला पुन्हा भेट, हातमोज्यांची भेटवस्तू, घरोबा, आणि शेवटी "माझ्या पुतण्याला तुमची मुलगी करून घेऊ" इथपर्यंत मजल. ९ मे रोजी सकाळी तो 'पुतण्या'ला घेऊन आला. म्हाताऱ्याच्या डोक्यात लाकडी हातोडा घातला, मुकुट ठोकून चपटा केला, राजदंड कानशीने कापायला घेतला. नेमका एडवर्ड्सचा मुलगा कित्येक वर्षांनी परदेशातून त्याच सकाळी घरी आला आणि बोभाटा झाला. चोर दरवाजापाशी पकडले गेले. पुढचं तर त्याहून अजब. ब्लड म्हणाला, मी फक्त राजाशीच बोलेन. राजा भेटला, आणि त्याने त्याला माफ करून वर आयर्लंडमध्ये वर्षाला पाचशे पौंड उत्पन्नाची जमीन दिली. एडवर्ड्सला दोनशे पौंडांचे बक्षीस जाहीर झाले, ते पुरते हाती पडले नाही. प्रामाणिक कॅशियरची ही कथा मला नवीन वाटली नाही.

दागिन्यांच्या दालनात गेलं की आपली माणसं कोहिनूरच शोधतात. मीही शोधला. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तहात लिहून घेऊन तो इंग्रजांनी नेला. फार लोकांना माहीत नसते की लंडनला जाण्यापूर्वी तो मुंबईत मुक्कामाला होता. लॉर्ड डलहौसीने तो लाहोरहून पट्ट्यात शिवून स्वतः मुंबईला आणला. लोखंडी पेटीत घालून, मोहरा लावून तो मुंबईच्या सरकारी खजिन्यात ठेवला, आणि एप्रिल १८५० मध्ये 'मेडिया' या जहाजाने तो मुंबई बंदरातून गेला. १८६ कॅरटचा हिरा १८५२ मध्ये पैलू पाडताना १०५.६ कॅरटवर आला. आता तो राणी एलिझाबेथच्या आईच्या १९३७ सालच्या मुकुटात बसवलेला आहे. २०२३ च्या राज्याभिषेकात कॅमिला राणीने तो मुकुट घातला नाही, वाद नको म्हणून. सरकत्या पट्ट्यावर उभं राहून त्याच्यासमोरून जायला एक मिनिटही लागत नाही. नातू म्हणाला, "आजोबा, एवढासाच?" मी त्याला मोहरबंद पेटीची गोष्ट सांगितली. पेटी, मोहर, पावती, सगळे नियमाप्रमाणे. फक्त माल दुसऱ्याचा.

तुरुंग म्हणून टॉवर जास्त प्रसिद्ध आहे, त्याविषयी थोडक्यात. पहिला नामांकित कैदी रॅनल्फ फ्लॅम्बार्ड, राजाची वसुली करणारा बिशप. ११०१ मध्ये दारूच्या पिंपातून दोर मागवून, पहारेकऱ्यांना दारू पाजून तो खिडकीतून उतरला आणि पळाला. म्हणजे सुरुवातच अशी. १४८३ मध्ये बारा आणि नऊ वर्षांचे दोन राजपुत्र आत गेले ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. १५३६ मध्ये अ‍ॅन बोलिनचा शिरच्छेद झाला, १५५४ मध्ये कोवळ्या जेन ग्रेचा. वॉल्टर रॅले बायकामुलांसह तेरा वर्षे राहिला आणि त्याने जगाचा इतिहास लिहायला घेतला. आपले ठाण्याचे सेंट्रल जेलही किल्ल्यातच आहे, पोर्तुगीजांनी पाया घातलेल्या, तेव्हा किल्ल्याचे तुरुंग होणे आपल्याला नवलाचे नाही. टॉवरमधला शेवटचा मृत्युदंड मात्र अगदी अलीकडचा. योझेफ याकोब्स हा जर्मन हेर, विमानातून उतरताना पाय मोडलेला, म्हणून खुर्चीत बसवून गोळ्या घातल्या. तारीख १५ ऑगस्ट १९४१.

एकोणिसाव्या शतकात एकेक खाते बाहेर पडले. टांकसाळ १८१२ पर्यंत शेजारच्या नव्या इमारतीत गेली. प्राणी गेले. दप्तर गेले, आणि ते गेले हे फार बरे झाले, कारण शेकडो वर्षांचे सरकारी कागद आणि बंदुकीच्या दारूची पिंपे एकाच बालेकिल्ल्यात ठेवलेली होती. १८४१ च्या आगीत शस्त्रांचे मोठे कोठार जळाले तेव्हा दागिने गज वाकवून बाहेर काढावे लागले होते. खंदकातले पाणी इतके घाण झाले होते की ड्यूक ऑफ वेलिंग्टन किल्लेदार असताना १८४३ मध्ये तो उपसून कोरडा केला. दुसऱ्या महायुद्धात त्याच खंदकात भाजीपाला लावला. २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी तिथे ८,८८,२४६ चिनीमातीची लाल फुले रोवली होती. एरवी बहुतेक वर्षी तिथे गवत असे.

राहिलेला किल्ला सांभाळायला पैसा लागतो. तो सरकार देत नाही. एक धर्मादाय संस्था तिकिटांवर तो चालवते, आणि वर्षाला तीसेक लाखांच्या घरात माणसे येतात. तांबड्या-निळ्या वेषातले पहारेकरी आपण चित्रात पाहतो ते साधे दरवान नाहीत. सैन्यात किमान बावीस वर्षे चांगली नोकरी केल्याशिवाय घेत नाहीत. पस्तीसच्या आसपास आहेत, आणि तटाच्या आत बायकामुलांसह राहतात. म्हणजे ती एक वसाहतच आहे. चर्च आहे, डॉक्टर आहे, त्यांचा स्वतःचा पबही आहे. घराचे भाडे त्यांना भरावे लागते आणि निवृत्तीनंतर बाहेर स्वतःचे घर असणे आवश्यक असते. किमान सहा डोमकावळे पाळलेले असतात. ते उडून गेले तर राज्य बुडेल अशी दंतकथा सांगतात, ती काही फार जुनी नसावी. पंख थोडे कापलेले असतात, तेव्हा राज्याला तूर्त धोका नाही.

रोज रात्री दहाला सात मिनिटे कमी असताना मुख्य पहारेकरी कंदील आणि किल्ल्या घेऊन निघतो, दरवाजे बंद करतो, शिपाई अडवून विचारतो की कोण आहे, किल्ल्या कोणाच्या, आणि राजाचे नाव सांगितल्यावर सोडतो. हे सुमारे सातशे वर्षे चालू आहे. युद्धात एका रात्री बाँब पडून सगळे कोलमडले, तेव्हा उठून, कपडे झटकून त्यांनी दरवाजे लावले आणि उशीर झाल्याबद्दल राजाला माफीचे पत्र लिहिले. शाखेत आम्ही दोघे जण संध्याकाळी आपापली किल्ली लावून स्ट्राँगरूम बंद करायचो, मग रजिस्टरमध्ये वेळ लिहून दोघांच्या सह्या. त्यात कंदील नव्हता एवढंच. आतल्या रहिवाशांना मध्यरात्रीनंतर घरी यायचे तर त्या दिवसाचा परवलीचा शब्द सांगावा लागतो. तो रोज बदलतो. आपल्या गेटवर फूड डिलिव्हरीवाल्यांच्या ओटीपीवरून जो वाद चालतो तो मला त्या वेळी आठवला.

सोसायटीतली बरीच मुले आता तिकडे आहेत, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांचे जाणे होते. गेलात तर तिकीट आधी घरूनच काढा आणि सकाळी दार उघडताच दागिन्यांची रांग धरा, नंतर तास मोडतो. ते झाले की मिंट स्ट्रीटवरचे टांकसाळीचे प्रदर्शन पाहा. २०१३ पासून आहे. तिथे गर्दी नसते, बसायला बाकही मिळतो. आम्ही गेलो तेव्हा आत एक जपानी जोडपे होते, एक मुलगी होती आणि मी.